वायरचा रंग

दिवाळीच्या सुट्टीत मामांचा जुना ट्रॅक्टर काटोलच्या शेतातून आमच्या सदरच्या घरी आला. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं होतं, उरलेल्या वायरींचं कव्हर हात लावला की गळून पडायचं. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी म्हणून मी मोठ्या ऐटीत काम घेतलं. मिस्त्रीने लाल वायर ॲमीटरला जोडायला सांगितली. मी हिरवी जोडली, म्हणजे अर्थची! फ्यूज उडाला. त्या दिवशी कळलं की मला लाल आणि हिरवा नीट ओळखता येत नाही. मामांना आश्चर्य वाटलं नाही, कारण त्यांनाही तोच त्रास आहे. हा दोष आईकडून मुलाकडे येतो म्हणे.

दोन दिवस मी पान्ह्याला हात लावला नाही. ब्रँच बदलायचं मनात येऊ लागलं. तेव्हा मामांनी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल सांगितलं. त्यांच्या विहिरीवरच्या इंजिनावरचं हे नाव मी लहानपणापासून पाहत आलो, पण त्यामागचा माणूस माहीत नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी पुस्तक वाचायला मला वेळ लागला, पण वाचलं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. वडिलांची इच्छा नसताना, थोरले भाऊ रामूअण्णांच्या आधारावर ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे लक्षात आलं की काही रंग त्यांना ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि तिथेच शिकवू लागले. रिकामा वेळ वर्कशॉपमध्ये यंत्रं समजून घेण्यात जायचा.

१८८८ मध्ये बेळगावला सायकलचं दुकान निघालं. हे मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची बढती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. आधी कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

नांगर खपू लागले तर बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिलं. तिथे दगड आणि निवडुंग यांशिवाय काही नव्हतं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी राखणीचं काम दिलं. नांगरांमागून पंप आले, इंजिनं आली. १९४६ मध्ये, त्यांच्या हयातीतच, पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळूरला विजेच्या मोटारींची कंपनी निघाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

एवढ्या मोठ्या माणसाशी माझी तुलना नाही. पण एक गोष्ट मी उचलली. रंग दिसत नसेल तर रेषेवर काम करायचं. मी पेन्सिलने पूर्ण सर्किट कागदावर काढलं. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबरची पट्टी लावली आणि मल्टीमीटरने कंटिन्युइटी तपासली. बॅटरीपासून स्टार्टरला जाड केबल टाकली. चासीचा गंज घासून अर्थ पक्का केला. बॅटरीचं अर्थचं टोक सगळ्यात शेवटी जोडलं. मामांनी स्विच दाबला. हेडलाइट लागले, फ्यूज जागेवर राहिला!

ब्रँच बदलायचा अर्ज मी भरला नाही. हॉस्टेलमध्ये कुणाचा रंगांचा असाच घोळ होत असेल तर लपवू नका. नंबरच्या पट्ट्या अजून उरल्या आहेत, रूमवर येऊन घेऊन जा.