सिंहांसमोरची कॅथलिन

मूकपटांचा विषय निघाला की आपल्याकडे दादासाहेब फाळके आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ ही चित्रमालिका सुरू झाली आणि तिच्यात एक बाई खऱ्याखुऱ्या सिंहांसमोर उभी राहिली. ती कॅथलिन विल्यम्स.

तिचा जन्म १८७९ सालचा, माँटाना राज्यातील ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावचा. नाटकाची ओढ लहानपणापासूनची. खाणमालक सिनेटर विल्यम क्लार्क यांच्या मदतीने ती न्यूयॉर्कला अभिनय शिकली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कोणाचेही चरित्र वाचताना याची फी कोणी भरली, हे मी आधी पाहते. सवयच लागली आहे म्हणा ना!

पुढे नाटके, मग ग्रिफिथ यांच्या हाताखाली बायोग्राफ कंपनीत थोडे काम, आणि १९१० पासून सेलिग कंपनी. या सेलिगसाहेबांना जनावरांचा भारी नाद. सिंह, बिबळे, हत्ती त्यांच्या पदरी होते. कॅथलिन त्या जनावरांत निर्धास्त वावरू लागली आणि तीच तिची ओळख झाली.

चित्रमालिकेचे भाग तेरा, दर पंधरवड्याला एक. हॅरॉल्ड मॅकग्राथ यांनी लिहिलेली तीच कथा ‘शिकागो ट्रिब्यून’ छापत असे. याआधी १९१२ साली एडिसन कंपनीने अशी मालिका काढली होती, पण तिचा प्रत्येक भाग स्वतंत्र गोष्ट असे. येथे मात्र नायिका संकटात सापडली की भाग संपे! साप्ताहिकातील ‘क्रमशः’ वाचणाऱ्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

कथा घडते हिंदुस्थानातील ‘अल्लाहा’ नावाच्या संस्थानात. असे संस्थान नकाशात नाही. खलनायकाचे नाव उंबाला; इंग्रज लोक अंबाला शहराचे नाव असेच लिहीत. खोट्या निरोपामुळे कॅथलिन बापाच्या शोधात तेथे येते, बळेच राणी केली जाते, आणि उंबालाशी लग्नाला नकार देताच तिला श्वापदांपुढे सोडतात. चित्रीकरण सारे अमेरिकेतले. आपला देश म्हणजे जंगल, राजे आणि दुष्ट लोक, एवढेच त्या प्रेक्षकांना दिसले. याचा मला राग येतो. तरीही संकटातून स्वतः वाट काढणारी नायिका मनात भरते, हेही खरे.

१९१४ साली तिने ‘द लेपर्ड्स फाउंडलिंग’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. त्याच वर्षीचा ‘द स्पॉयलर्स’ही गाजला. नंतर मात्र दिवस फिरले. १९२२ साली मुलगा गेला. बोलपट आले आणि कामे कमी होत गेली. १९३५ नंतर तिने चित्रपटात काम केले नाही. सिंहांनी जिला कायमचे अपंग केले नाही, तिचा पाय १९४९ साली मोटार अपघातात गेला. १९६० साली हॉलिवूडमध्ये तिचे निधन झाले.

त्या तेरा भागांपैकी आज थोडे तुकडे तेवढे शिल्लक आहेत. बाकीची फिल्म नाहीशी झाली.