विश्लेषण : सर्पगंधेची मुळी रक्तदाबाची गोळी कशी झाली? डॉ. रुस्तम जाल वकील यांनी नेमके काय केले?

रक्तदाबाची गोळी आज कोपऱ्यावरच्या औषध दुकानात मिळते. पाऊणशे वर्षांपूर्वी मात्र जगातल्या बड्या रुग्णालयांतही या विकारावर खात्रीचा इलाज नव्हता. मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने 1949 मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधाने हे चित्र बदलायला मदत केली.

कोण होते डॉ. वकील?

रुस्तम जाल वकील यांचा जन्म 1911 मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. डॉ. गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेले रुग्णतपासणीचे पाठ्यपुस्तक पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासले.

त्या काळी उपचार काय होते?

मीठ कमी करणे, विश्रांती, गुंगीची औषधे आणि फार झाले तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत होता. एप्रिल 1945 मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, तेव्हा तो 300/190 नोंदवला गेला. महासत्तेच्या प्रमुखाला देण्यासारखी साधी गोळीही डॉक्टरांकडे नव्हती.

सर्पगंधा आधी ठाऊक नव्हती का?

होती. उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंशावर ही मुळी भारतात पूर्वापार वापरली जाई. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच मानसिक आजार व रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले होते. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमां सिद्दीकी तिच्यातील घटक वेगळे करत होते. म्हणजे शोधाचे श्रेय एकट्या वकील यांचे नाही.

मग त्यांचे वेगळेपण काय?

मोजमाप. गुण येतो, एवढ्यावर ते थांबले नाहीत. 50 रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देऊन त्यांनी वरचा आणि खालचा असे दोन्ही रक्तदाब नोंदवले, दुष्परिणामही टिपले. हे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांवर वापरून पाहिले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘सिबा’ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील प्रभावी घटक वेगळा केला. त्याचे नाव रिसर्पिन. 1957 मध्ये वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण मिळाले.

रिसर्पिन काम कसे करते?

मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रसायन साठते. ते बाहेर पडले की रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जोरात धडधडते आणि दाब चढतो. रिसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडते. साठा हळूहळू आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. पंप कायमचा निकामी होत असल्याने नव्या पिशव्या तयार होईपर्यंत, म्हणजे औषध थांबवल्यावरही काही दिवस, परिणाम टिकतो.

त्याने जीव वाचले का?

याचे उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 1967 मध्ये दिले. खालचा रक्तदाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांचे दोन गट केले गेले. एकाला रिसर्पिनसह तीन औषधे, दुसऱ्याला औषध नसलेल्या गोळ्या. गंभीर गुंतागुंत औषधाविना असलेल्या गटात 27 जणांना, तर औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांना झाली. रक्तदाब उतरवल्याने माणूस वाचतो, याचा हा भक्कम पुरावा होता.

मग ते मागे का पडले?

कारण तोच पंप मेंदूतही असतो. तिथे सेरोटोनिन आणि डोपामिनचाही साठा आटतो. त्यामुळे विशेषतः जास्त मात्रेत मरगळ आणि नैराश्य दिसू लागले. नाक चोंदणे, जठरातील आम्ल वाढणे हे त्रास वेगळेच. पुढे अधिक नेमकी औषधे आली. तरी ‘अ‍ॅडेल्फेन’ ही रिसर्पिनयुक्त गोळी भारतात अनेक वर्षे घरोघरीच्या ज्येष्ठांच्या परिचयाची होती.

आज यातून काय घ्यायचे?

वकील यांनी पुढे हृदयविकाराच्या झटक्याआधीच्या लक्षणांवरही संशोधन केले. 1974 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा दाखला देत सर्पगंधेचे चूर्ण परस्पर घेणे मात्र धोक्याचे. मुळीतील औषधी घटकांचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे नसते आणि मनावरचा परिणाम उशिरा लक्षात येतो. औषध नवे असो वा परंपरेतले, ते घेण्याआधी व नंतर रक्तदाब मोजायचा, लिहून ठेवायचा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवायचा. वकील यांनी 50 रुग्णांबाबत हेच केले होते.