कै. बाबूराव अर्नाळकर

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित वाटेल. परंतु बाबूराव अर्नाळकर म्हणताच त्यांच्या आजोबांची मुद्रा खुलेल. १९०६ साली जन्मलेल्या या लेखकाने १९९६ साली मृत्यू येण्यापूर्वी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. लहानमोठ्या वाचनालयांतून त्यांच्या पुस्तकांची पाने हाताळून झिजत असत.

एवढ्या राशीत आरंभ कोठून करावा, असे मुले आम्हांस विचारतात. आमच्या मते प्रकाशनाची वर्षे शोधीत बसू नये. बाबूरावांची गोष्ट बहुधा एका पुस्तकातच पुरी होते. क्रम लावावयाचा तो नायकांवरून. प्रथम गुप्तहेर धनंजय व त्याचा साहाय्यक छोटू यांच्या कथा घ्याव्या. तेथे पुराव्यावरून तर्क करण्याची सवय लागते. झुंजार व काळा पहाड हे कायद्याच्या कडेकडेने चालून न्याय करणारे वीर. न्यायान्यायाची पारख पक्की झाल्यावर त्यांच्याकडे वळावे. शेरलॉक होम्सचे निराळे. कॉनन डॉइल यांनी १८९३ साली त्यास मारिले व १९०३ साली परत आणिले. तेथे क्रम चुकल्यास रसभंग होतो.

असली पुस्तके अभ्यास बुडवितात, ही पालकांची तक्रार आम्हांसही एके काळी मान्य होती. वर्गात एका मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकाआड दडलेला झुंजार आम्ही जप्त केला, आणि त्याच रात्री दिवा मालविण्यापूर्वी वाचून संपविला. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केले. शेवट मात्र त्यास सांगितला नाही.