फादर थॉमस स्टीफन्स : सणांस मराठी वाणी देणारे धर्मगुरु

ज्युबिलीच्या या मंगल समयीं आम्हां मराठी ख्रिस्तीजनांवर ज्यांचें ऋण आहे, अशा पुरुषांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण आम्हांस प्रथम होतें. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत इ. स. १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला.

त्या देशांतील पुष्कळशा जुन्या सुट्या मूळच्या देवळांतील सण होत. उपवासकाळापूर्वींच्या मंगळवारीं लोक पापांगीकार करीत, आणि पुढील ४० दिवस वर्ज्य असलेलीं अंडीं व लोणी संपवावें म्हणून घरोघर धिरडीं होत. २६ डिसेंबर हा संत स्टीफन यांचा सण. नाताळांत चाकर व शिकाऊ मुलें पेटी पुढें करून बक्षिशी मागत, त्यावरून पुढें या दिवसास पेटीचा दिवस असें नांव पडलें.

परंतु आठव्या हेन्री राजानें १५३६ त सुगीच्या दिवसांतील बरेच सण, कामाचा खोळंबा होतो या सबबीवर, बंद केले. १५४८ त मेणबत्त्या, राख व झावळ्या यांचे विधि मना झाले. मेरी राणीच्या कारकीर्दींत ते परत आले आणि एलिझाबेथ राणीच्या अमलांत पुन्हां गेले. या उलथापालथींत स्टीफन्स वाढले. धिरडीं राहिलीं, पण पापांगीकार बहुतेकांचा सुटला. सुटी उरली आणि तिचा अर्थ मागें पडला.

रोम येथें १५७५ त ते येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडून २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास पोहोंचले. पुढें सुमारें ४० वर्षें त्यांनीं त्या प्रांतीं, विशेषतः सासष्टींत, सेवा केली. पोर्तुगीज अमलांत तेथील लोकांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या, आणि सणावारीं स्वभाषेंत ऐकावें असें पुराण नवख्रिस्त्यांपाशीं नव्हतें. त्यांनीं तें मागितलें, आणि फादरांनीं मराठी ओवींत क्रिस्तपुराण रचिलें. संत जनाबाईंच्या गंगाखेडास जी ओवी परकी नाहीं, तीच एका इंग्रजानें आपलीशी केली! १०,००० हून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ त राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. रविवारीं व सणांस तो देवळांत वाचीत.

१६१९ त फादर निवर्तले. १६८४ त पोर्तुगीज सरकारनें देशभाषांवर बंदीचा हुकूम काढिला. तरी हस्तलिखितांच्या रूपानें पुराण जगलें, मंगळुराकडे गेलेल्या कुटुंबांतही वाचलें गेलें, आणि १९०७ त तेथें पुन्हां छापलें गेलें.

राजाज्ञेनें सण बंद होतो, परंतु जो सण लोकांच्या स्वतःच्या वाणींत उतरला आहे तो सहसा मरत नाहीं. यास्तव नाताळचा फराळ करितांना त्या दिवसाची कथा मुलांस मराठींत सांगण्याचें व्रत आम्हीं सर्वांनीं या ज्युबिलींत घ्यावें.