जे.पी. मॉर्गन

जॉन पियरपॉन्ट मॉर्गन (१७ एप्रिल, १८३७ : हार्टफर्ड, कनेटिकट - ३१ मार्च, १९१३ : रोम) हे अमेरिकन बँकव्यावसायिक होते. १८३६ मध्ये सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची सनद संपल्यानंतर अमेरिकेत दीर्घकाळ मध्यवर्ती बँक नव्हती. कोणतेही सरकारी पद नसताना तिचे काम आणीबाणीच्या प्रसंगी मॉर्गन यांनी केले.

त्यांचे वडील ज्युनियस हे लंडनमधील बँकर होते. त्यामुळे युरोपचे भांडवल अमेरिकेत आणणे हा मॉर्गन यांचा जणू घरचाच व्यवसाय होता. १८९३ च्या मंदीत डबघाईला आलेल्या अनेक रेल्वे कंपन्यांची त्यांनी पुनर्रचना केली. १८९५ मध्ये सरकारी खजिन्यातील सोने आटू लागले, तेव्हा त्यांच्या गटाने सरकारी रोख्यांच्या बदल्यात सुमारे ३५ लाख औंस सोने पुरवले. सुवर्णमान टिकला, मात्र या व्यवहारामुळे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यावर स्वपक्षातूनच टीका झाली. १९०१ मध्ये अँड्रू कार्नेगी यांचा पोलाद उद्योग विकत घेऊन त्यांनी १.४ अब्ज डॉलर भांडवलाची यू.एस. स्टील ही कंपनी उभारली.

== १९०७ चे अरिष्ट ==

ऑक्टोबर १९०७ मध्ये निकरबॉकर ट्रस्ट कंपनी कोसळली आणि न्यू यॉर्कमधील ठेवीदारांनी इतर ट्रस्ट कंपन्यांपुढे रांगा लावल्या. या कंपन्यांकडील राखीव रोकड तुटपुंजी होती. कोणती संस्था तगू शकेल हे ठरवण्यासाठी मॉर्गन यांनी हिशेबवह्या तपासून घेतल्या. सरकारने बँकांत ठेवलेल्या रकमेचा विनियोगही बव्हंशी त्यांच्याच सल्ल्याने झाला. नोव्हेंबरच्या प्रारंभी त्यांनी ट्रस्ट कंपन्यांच्या अध्यक्षांना आपल्या ग्रंथालयात बोलावून दाराला कुलूप लावले, पहाटे २.५ कोटी डॉलरच्या मदतीवर सह्या झाल्यावरच ते उघडले. त्याच वेळी यू.एस. स्टीलने टेनेसी कोल अँड आयर्न ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली व राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यास हरकत घेतली नाही. बचावकार्य आणि स्वार्थ यांची सरमिसळ येथे उघड दिसते. १९११ मध्ये सरकारने यू.एस. स्टीलवर भरलेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात हा व्यवहारही होता.

== चौकशी व मृत्यू ==

सत्तरी गाठलेल्या एका खासगी व्यक्तीच्या निर्णयावर देशाची पतव्यवस्था अवलंबून असावी, ही गोष्ट समर्थकांनाही अस्वस्थ करणारी होती. डिसेंबर १९१२ मध्ये पुजो समितीपुढे साक्ष देताना मॉर्गन यांनी आपल्या हाती असे सामर्थ्य असल्याचे नाकारले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. २३ डिसेंबर, १९१३ रोजी फेडरल रिझर्व्ह कायदा संमत झाला. न्यू यॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर बेंजामिन स्ट्राँग यांनीच १९०७ मध्ये मॉर्गन यांच्यासाठी हिशेबवह्या तपासल्या होत्या.