नौखंडा महालाच्या बागा आणि मलिक अंबर

औरंगाबाद शहरात (आताचे छत्रपती संभाजीनगर) भडकल दरवाजाजवळ नौखंडा नावाचा भाग आहे. तिथल्या डॉ. रफिक झकेरिया महिला महाविद्यालयात आपल्या कितीतरी मुली शिकतात. चारशे वर्षांपूर्वी याच जागी मलिक अंबर यांचा महाल होता. पाच जनानखाने, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद, कचेरी, आणि यातल्या प्रत्येकाला स्वतःची बाग आणि स्वतःचा हौद. या खडकाळ मुलखात इतक्या बागांना पाणी आलं कुठून? त्यासाठी आधी हा माणूस पाहू या.

जन्म १५४८ च्या सुमारास, हबश म्हणजे आजच्या इथिओपियात. मूळ नाव चापू. लहान वयातच गुलाम म्हणून विकले गेले, एका मालकाकडून दुसऱ्याकडे. बगदादच्या मीर कासिमने त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे ते दख्खनमध्ये आले आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्यांना विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही हबशी, एकेकाळचा गुलामच. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळे झाले, विजापूरला शिपाईगिरी केली, तिथे मलिक हा किताब मिळाला.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबर यांनी मात्र परांड्याला मुर्तझा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवलं आणि पुढची सव्वीस वर्षं राज्य उभं ठेवलं. त्यांच्या फौजेत हबशी होते तसे मराठेही होते. मालोजीराजे, शहाजीराजे ही नावं सर्वांना ठाऊक आहेतच. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्यांची पद्धत तर मलिकंबरी म्हणून शेतकऱ्यांच्या तोंडी राहिली.

१६१० मध्ये त्यांनी खडकी या छोट्या गावात राजधानी वसवली. नाव खडकी, तशीच जमीन. मग उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याला, खाम नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली झिरपणारं पाणी गोळा करून ते भुयारी नहरीने शहरात आणलं. रहाट नाही, मोट नाही. नुसत्या उतारावर पाणी वाहत यायचं. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून वरून जागोजागी उभी विवरं ठेवली. हीच नहर-ए-अंबरी. बरेच लोक तिची पाणचक्कीच्या नहरीशी गल्लत करतात, पण ती शंभरहून जास्त वर्षांनी झाली. नौखंड्याच्या बागा जगल्या त्या अंबरी नहरीच्या पाण्यावर. आणि हे पाणी एकट्या महालासाठी नव्हतं, मोहल्ल्यांतल्या हौदांतही ते पोहोचत होतं.

महालाचं साल १६१६. त्याच वर्षी रोशनगावच्या लढाईत अंबर हरले आणि मोगलांनी खडकी जाळली. पुढे १६२१ मध्ये पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा शहर परत उभं राहिलं. जहांगीर बादशहाला अंबर यांचा इतका राग, की भाल्यावर लावलेल्या त्यांच्या शिरावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने दरबारात काढून घेतलं. रणात काही ते जमलं नाही! १६२४ मध्ये भातवडीला अंबर यांनी तलावाचं पाणी सोडून शत्रूची वाट चिखलात घातली आणि मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांना हरवलं. पाण्याची अशी जाण त्या काळात दुसऱ्या कुणा सेनापतीला असेल असं आम्हाला वाटत नाही.

१६२६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. मुलगा फतेहखान याने खडकीचं फतेहनगर केलं, पण १६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि राज्य मोगलांकडे गेलं. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत शहराला औरंगाबाद नाव मिळालं. नौखंड्यात नंतर आसफजाह निजामही राहिले आणि त्यांनी बांधकाम वाढवलं. आज त्या बागा आणि हौद दिसत नाहीत. नहर मात्र काही ठिकाणी अजून वाहते. बऱ्याच जागी ती फुटली आहे, विवरं कचऱ्याने बुजली आहेत, आणि त्याच शहरात लोक नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवस थांबतात.

मलिक अंबर यांची कबर खुलताबादला, हजरत जर जरी जर बक्ष (रह.) यांच्या दर्ग्यापासून जवळच आहे. बाजूला त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांचा मकबरा. उरुसाला हजारो कुटुंबं त्या रस्त्याने जातात, पण तिकडे वळणारे थोडेच. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जरा वळा आणि फातिहा पढा.