धोतराचा कॅन्सर

मी मराठी विभागासाठी लिहितोय हे कळल्यावर अख्खा वर्ग हसला. साहजिक आहे! पहिलीपासून कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठी म्हणजे फक्त एक पेपर. पण हा माणूस मला सापडला तो पक्यामुळे, आणि पक्याला इंग्लिशमध्ये काही सांगितलं तर तो ऐकत नाही.

पक्या माझा रूममेट. फर्स्ट इयरपासून मावा खातो. मागच्या सेमिस्टरला आम्ही कॉलेज रोडला पाणीपुरी खायला गेलो, तर पुरी याच्या तोंडात जाईना. फोडून खाल्ली. आम्ही हसलो, तोही हसला. पुढे डेंटिस्टने सांगितलं की सुपारीमुळे गालाची आतली कातडी कडक होत चालली आहे, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर होऊ शकतो.

त्याच सुमारास सेमिनारचा विषय द्यायचा होता. मी घेतला : तोंडाच्या फोटोवरून कॅन्सर ओळखणारा प्रोग्राम. सर म्हणाले, ज्या पेपरला सायटेशन जास्त तो आधी वाच. सायटेशन म्हणजे नंतरच्या संशोधकांनी आपल्या लेखात त्या पेपरचा दिलेला उल्लेख. एका पेपरच्या यादीतून त्याच्याआधीचा, त्यातून आणखी जुना, असा जिना उतरत गेलो. खाली एक नाव उभं होतं : खानोलकर, मुंबई, १९४४.

डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५. लंडन विद्यापीठातून १९२३ साली पॅथॉलॉजीत एम.डी. म्हणजे पेशंटला गोळ्या देणारे डॉक्टर नव्हेत, काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून रोग सांगणारे. परत येऊन मुंबईत ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकलमध्ये शिकवलं. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

आता खरी गंमत. मायक्रोस्कोपवाल्या माणसाने काचेवरच्या पेशी बघून थांबायला हरकत नव्हती. हे मात्र विचारत बसले की हा पेशंट कुठला, काय खातो, काय ओढतो, तंबाखू तोंडात कुठे धरतो. १९४४ साली त्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ आलेल्या १००० केसेसचा आढावा छापला. एक हजार! कॉम्प्युटर नाही, एक्सेल नाही. आमचा डेटासेट नेटवरून डाउनलोड केलेला आहे, तरी आम्ही रडतो.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सूर्याबाई या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सवयींमुळे होणाऱ्या कॅन्सरचे भारतातले तीन नवे प्रकार मांडले. आंध्रकडे चुट्टा नावाची विडी पेटलेलं टोक तोंडात धरून ओढतात, त्यांना टाळूचा कॅन्सर. खैनी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवणाऱ्यांना बरोबर तिथेच. आणि तिसरा धोतराचा! वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी धोतर आवळून बांधलं की कातडी घासते, रंग जातो, जखम होते, भरत नाही, आणि क्वचित कोणाला त्याच जागी कॅन्सर होतो. हे वाचून मी आधी हसलो. मग आजोबांच्या कमरेवरचा काळपांढरा पट्टा आठवला. (त्यांना काही झालं नाही, पण हसू थांबलं.) नंतर साडीबद्दलही तेच दिसून आलं. २०२४ साली वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळे झालेल्या कॅन्सरच्या केसेस छापल्या. म्हणजे विषय अजून संपलेला नाही.

१९५५ साली संघवी आणि राव यांच्याबरोबरचा त्यांचा पेपर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात पेशंटच्या सवयी कॅन्सर नसलेल्या लोकांच्या सवयींशी ताडून पाहिल्या होत्या. चघळणाऱ्यांना तोंडाचा धोका, बिडी ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी आणि घशात. मला हा पेपर सगळ्यात आवडला, कारण तुलना केल्याशिवाय नुसत्या आकड्यांना अर्थ नसतो, हे आम्हाला स्टॅटिस्टिक्सच्या पूर्ण सेमिस्टरमध्ये समजलं नव्हतं.

बाकी मानसन्मान भरपूर. १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं, कुष्ठरोगावर काम केलं, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पद्मभूषण मिळालं. १९७८ साली गेले.

आणि सायटेशनचं म्हणाल, तर ते मोजणारा सायन्स सायटेशन इंडेक्सच १९६४ साली निघाला. ते हजार पेशंट मोजत होते तेव्हा त्यांना कोणी मोजत नव्हतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८५ साली तंबाखूचं पान चघळल्याने माणसाला कॅन्सर होतो असा निर्वाळा दिला, त्या ग्रंथात १९५५ चा पेपर आहे. २००४ च्या ग्रंथात तर तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा त्याच यादीत आली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली. टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहेच.

पक्याला मी हे सगळं वाचून दाखवलं. धोतरावर तो पोट धरून हसला. मग आरशासमोर उभा राहून बोटं तोंडात आडवी घालून बघितली. तीन जायला पाहिजेत. दोन गेली. आता दर रविवारी आम्ही मोजतो आणि मी वहीत लिहितो. पाच रविवार झाले, मावा बंद आहे, आकडा अजून दोनच.